‘वार’ म्हणजे तलवारीचा वार नाही, आणि तो १३०५ चा कागद यादवांचा नाही

सध्या नांदेड, देगलूर, बिलोली, किनवट इकडच्या बहुतेक ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडंही आला असेल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की ज्यांच्या आडनावाच्या शेवटी ‘वार’ आहे ती मूळची देवगिरीच्या यादवांची लढवय्यी घराणी, लढाईत पहिला वार करायचा मान त्यांचा म्हणून ही पदवी मिळाली, पुरावा म्हणून १३०५ सालच्या कागदाचा फोटो. मग एक आडनाव म्हणजे एकच मूळपुरुष. आणि घरात तेलुगू बोलणारे जे ‘वार’ आहेत ते निजामानं तेलंगणातून आणून वसवलेले, त्यांनी हे आडनाव नंतर उचललं, त्याच्यामुळं ‘अस्सल’ घरं आता अगदी थोडी उरली, तसा एका वेबसाईटचा आकडाही दिलाय.

मी स्वतः वारवाला आहे. आजी घरात तेलुगू बोलायची आणि दारात कुणी आलं की मराठी, दोन्ही तिला सारखंच यायचं. त्याच्यामुळं हा मेसेज मला लागला, आणि जास्त लागलं ते हे की आता कॉलेजातली पोरं एकमेकांना विचारायला लागलेत, तू अस्सल का आणलेला. म्हणून एकेक मुद्दा घेतोय.

कागदापासून सुरू करतो कारण सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. तो फोटो जरा मोठा करून बगा. छापील रकाने आहेत आणि मजकूर उर्दूत आहे. हिंदुस्थानात पहिला छापखाना आला गोव्यात, १५५६ ला. हैदराबाद संस्थानाचा सरकारी कारभार फारसीतून उर्दूत आला तो १८८४ च्या सुमारास. मग १३०५ साली रामदेवराव यादवाच्या दरबारातून उर्दूत छापील फॉर्म निघाला असं मानायचं का? तो आकडा इसवी सन नाहीच, तो फसली सन आहे. निजामाच्या राज्यात महसुलाचं वर्ष फसली चालायचं, त्याच्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतंय, वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं म्हणून जानेवारीपासूनच्या महिन्यांसाठी ५९१. ज्यांच्या घरी खासरे, सेतवार असे जमिनीचे जुने कागद, शेतसाऱ्याच्या पावत्या ट्रंकेत आहेत त्यांना हे माहीतच असतंय. ताळा करून बघायचा असला तर पोलीस ॲक्शन, म्हणजे हैदराबाद संस्थान भारतात आलं ती कारवाई, झाली सप्टेंबर १९४८ ला, आणि तेव्हा फसली १३५७ चालू होतं. त्या हिशोबानं १३०५ म्हणजे १८९५-९६. सव्वाशे-एकशेतीस वर्षांचा कागद, सातशे वर्षांचा नाही.

फोटोखाली ‘यादव-बहामनी काळ’ असंही लिहिलंय, ते कुठून आलं ते पण सांगतो. कागदावर महिन्याचं नाव ‘बहमन’ आहे. हैदराबादच्या फसली वर्षाचे महिने आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे चालायचे, कुणीतरी अर्धवट वाचून घेतलं आणि बहमनचं बहामनी केलं. आणि बहामनी राज्य सुरू झालं १३४७ ला, म्हणजे मेसेजवाल्याचं साल खरं धरलं तरी त्याच्या बेचाळीस वर्षांनंतर. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली तेव्हापासून निजामकालीन कागदांचे फोटो लै फिरायला लागलेत, लोक जुनं शोधतेत ही चांगलीच गोष्ट आहे, पण उर्दू-मोडी वाचणारा माणूस शेजारी बसवल्याशिवाय साल ठरवू नका एवढंच म्हणणं आहे. आणि ज्याचा कोणाचा हा कागद आहे त्यानं तो फेकू नये, लै मोलाचा आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा लागोपाठच्या दोन दुष्काळांत मराठवाड्यातली गावंच्या गावं हलली, त्या दुष्काळांच्या आधी तुमचं घर त्या गावात जमीन कसत होतं हे तो कागद सांगतोय, हे काय कमी आहे का.

आता ‘पहिला वार करायचा मान’. यादवकाळातले शिलालेख घ्या, महानुभावांचं जुनं गद्य घ्या, माणसांच्या नावाला लागलेली जी बिरुदं सापडतेत ती नायक, राऊत, पंडित, भट, दंडनायक, महामंडलेश्वर अशी आहेत. ‘वार’ नावाची पदवी त्यांच्यात नाही. आपल्याकडचं ‘वार’ आलंय तेलुगूतल्या ‘वारू’वरून, म्हणजे अमक्या घरची मंडळी असं मानानं म्हणणं. तेलुगूत घराण्याचं नाव, ज्याला ते इंटी पेरू म्हणतेत, ते माणसाच्या नावाच्या आधी येतंय. तिकडची माणसं इकडं मराठी वस्तीत राहायला लागली, मराठी मास्तरांनी, तलाठ्यांनी घराण्याचं नाव नेऊन शेवटी लावलं आणि त्याला ‘वार’ चिकटून पक्कं झालं. तेलंगणात गड्डम आहे, आपल्या पट्ट्यात आणि चंद्रपूरकडं गड्डमवार आहे. सोलापुरात बगा, पद्मशाली समाज तिथं केवढा मोठा, तेलुगूच मूळ, पण तिथं गड्डम, चिप्पा, आडम अशीच आडनावं राहिली, शेवटी ‘वार’ लागलं नाही. मूळ तेच असून एकीकडं शेपूट लागलं आणि एकीकडं नाही, याचं कारण रक्तात शोधून मिळणार नाही, ते लिहिणाराच्या दौतीत आहे. आणि उलटी बाजू पण आहेच, पवारांच्या शेवटी ‘वार’ दिसतंय म्हणून ते काय आमच्यातले होत नाहीत, ते परमारांवरून आलेलं. कर्नाटकातलं तळवार हे गावच्या राखणदाराच्या कामावरून. शेवटची दोन अक्षरं बघून इतिहास सांगणं बंद केलं पाहिजे.

सगळ्यात वाईट मुद्दा आता येतो, निजामानं आणून वसवलेले. हा नीट घेतो कारण ह्याच्यातनंच माणसं दुखावली जातेत.

पहिलं तर चंद्रपूर-गडचिरोलीकडं जा. तिकडं ‘वार’ आडनावं आपल्याहून जास्त असतील, कमी नाहीत. मारोतराव कन्नमवार चंद्रपूरचेच, १९६२ ला यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले तेव्हा महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री झाले. तो मुलूख आधी गोंड राजांचा, मग नागपूरकर भोसल्यांचा, १८५४ पासून इंग्रजांचा. सिरोंचाकडचा टोकाचा पट्टा सोडला तर तिथं निजामाचा अंमल नव्हता. मग तिथल्या वारवाल्यांना कोणी आणून वसवलं? गोदावरी, प्राणहिता, पैनगंगा या नद्यांच्या दोन्ही काठांनी माणसं कायमच ये-जा करत आली, बाजारासाठी, शेतीसाठी, सोयरिकीसाठी. देगलूरजवळ होट्टलला चालुक्यांच्या काळातली देवळं आहेत आणि तिथं कानडी लेख आहेत. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी पण हा कोपरा एकाच भाषेचा नव्हता.

दुसरं असं की ‘तेलंगणातून आणलं’ म्हणताना मेसेजवाल्याच्या डोक्यात आजचा नकाशा आहे. निजामाच्या राज्यात निजामाबादहून नांदेडला येणं म्हणजे एकाच राज्यातल्या एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात येणं होतं, १९०० च्या आसपास सिकंदराबाद-मनमाड रेल्वे झाली मग तर ते लै सोपं झालं, बासरला बसा आणि धर्माबादला उतरा. मधली सीमा आली १ नोव्हेंबर १९५६ ला. त्या दिवशी काय झालं ते आपल्या भागातल्या पोरांना शाळेत कुणी नीट सांगत नाही म्हणून इथं लिहितो. नांदेड जिल्ह्यातले मुधोळ, भैंसा, कुबेर हे सर्कल तोडून आंध्रात गेले. देगलूर तालुक्यातले बिचकुंदा आणि जुक्कल पण गेले. उलट आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट तालुका आणि इस्लापूर सर्कल आपल्याकडं आले. बीदर जिल्ह्यातून अहमदपूर, निलंगा, उदगीर आले, ते आधी उस्मानाबादला जोडले आणि १९८२ ला लातूर जिल्हा झाला तेव्हा त्याच्यात गेले. म्हणजे भैंशाचं एक घर १९५६ च्या ऑक्टोबरात नांदेड जिल्ह्यातलं होतं आणि नोव्हेंबरात आंध्र प्रदेशातलं, घर जागचं हललं पण नाही. भाऊ धर्माबादला दुकान घालून बसला असला तर तो आधी मुंबई राज्यातला आणि १९६० पासून महाराष्ट्रातला. आता ह्या दोन भावांतला अस्सल कोणता आणि आणलेला कोणता, मेसेज लिहिणारानं मला सांगावं.

आणि बाहेरून आलेला ही एवढी मोठी गोष्ट असेल तर स्वामी रामानंद तीर्थांचं काय करणार? त्यांचं मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर, जन्म सिंदगीचा, आजच्या कर्नाटकातला. गोविंदभाई श्रॉफ, घर गुजराती, जन्म विजापूरचा. हैदराबादच्या मुक्तिलढ्यात मराठवाड्यानं ज्यांच्या मागं चालायचं ठरवलं त्यांना कुणी आडनाव विचारून बाजूला काढलं नव्हतं. १७ सप्टेंबरला ह्यांच्याच फोटोला हार घालायचा आणि १८ तारखेला शेजाऱ्याला आणलेला म्हणायचं, हे मला सहन होत नाही.

एक आडनाव म्हणजे एकच मूळपुरुष, हे पण खरं नाही, आणि आडनाव दुर्मिळ असलं तरी नाही. लोकांना वाटतंय की आडनाव फक्त चार गावांतच सापडतंय म्हणजे नक्कीच एका माणसापासून फुटलेलं असणार. कधी तसं असतंयही. पण तेलुगूत एकच घरनाव वेगवेगळ्या जातींत, वेगवेगळ्या गोत्रांत असतंय, मग ते मराठीत आल्यावर एकरक्ताचं कसं होईल? मराठीतही तेच, पैठण सोडून जो कोणी बाहेर जाऊन राहिला तो पैठणकर झाला, दोन पैठणकरांचं भावकीचं नातं असलंच पाहिजे असं थोडंच आहे. मल्हाररावांचं होळकर हे होळ गावावरून आलं. नाना फडणवीसांचं घराणं भानू, फडणविशी हे काम होतं आणि कामाचंच आडनाव झालं. आमच्याच भाऊबंदात एक शाखा ‘वार’ लावते, एक गावाच्या नावावरून ‘कर’ लावते, सुतक दोघांना एकच. म्हणजे एका आडनावाची माणसं परकी निघतेत आणि एका रक्ताची दोन आडनावं लावतेत, दोन्ही रोज दिसतंय.

दुर्मिळ आडनावं कशी तयार होतेत ते पण यात बघायला पाहिजे. उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, व, ऊ, ओ, औ सगळ्यांना एकच अक्षर, जोडाक्षराची खूण बहुतेक वेळा टाकतच नाहीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्द तोडून लिहायची पद्धत नाही. आता तुमच्या पणजोबांचं आडनाव तेलुगूत बोललं गेलं, पटवाऱ्यानं मोडीत घेतलं, तहसिलात उर्दूत उतरलं आणि १९४८ नंतर शाळेच्या रजिस्टरात मास्तरांनी ऐकू आलं तसं देवनागरीत लिहिलं. इतक्या हातांतून गेल्यावर सख्ख्या चुलतभावांची आडनावं एका मात्रेनं, एका द्वित्तानं वेगळी होणारच. मग पुढची पिढी म्हणते आमचं आडनाव जगात चारच घरांत आहे. तसं नसतंय, बाकीची घरं शेजारच्याच तालुक्यात वेगळ्या स्पेलिंगखाली बसलेली असतेत.

वेबसाईटच्या आकड्याचं थोडक्यात सांगतो. भारताच्या जनगणनेत आडनावनिहाय आकडे काढून छापत नाहीत, त्याच्यामुळं देशात अमुक आडनावाची नेमकी इतकी माणसं असं कोणी छातीठोक सांगत असेल तर तो अंदाज आहे. त्याच्यात रोमन लिपीत डब्ल्यू टाकला का व्ही टाकला, एक ‘टी’ का दोन, एवढ्यावर वेगळी आडनावं मोजली जातेत. मतदार यादी त्याहून बरी, निदान गाव कळतंय, पण त्याच्यात अठरा वर्षांखालचे नाहीत आणि पुण्या-हैदराबादला गेलेले नाव तिकडं लावून बसलेत. त्या आकड्यावर अस्सल घरांची यादी करणं म्हणजे ज्यांचं स्पेलिंग जुळलं नाही त्यांना भावकीतून काढणं झालं.

ज्यांना मनापासून आपलं घराणं शोधायचंय त्यांनी १९५४-५५ च्या खासरा पत्रकापासून मागं जावं, आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा काढावा, सेतवारात आडनावाच्या जोडीला बापाचं नाव आणि सर्व्हे नंबर बघावा, आणि एकाच स्पेलिंगवर अडून न बसता जवळपासची सगळी रूपं तपासावी. घरात म्हातारं माणूस असेल तर कुलदैवत कोणतं, देवाला कुठं जायचे आणि लेकी कोणत्या गावांत दिल्या हे आधी विचारून लिहून ठेवा. या कागदांच्या नकलांसाठी अर्ज करायच्या आधी गाव १९५६ पूर्वी कोणत्या तालुक्यात आणि कोणत्या जिल्ह्यात होतं ते काढा, किनवटच्या माणसानं आदिलाबाद धरून विचारायला पाहिजे आणि उदगीर, अहमदपूर, निलंग्याच्या माणसानं बीदर.