अर्जदारास प्रयोजन नाही

‘अर्जदारास प्रयोजन नाही. सबब अर्ज निकाली.’ निळ्या शाईतला, सही-शिक्क्यासकटचा हा शेरा मी घरी आणला आणि बायकोने तो मोठ्याने वाचला. तेव्हापासून मला दुसरं नाव उरलेलं नाही. मॅच बघत बसलो तरी आतून आवाज येतो, “बसू दे, प्रयोजन नाहीये.”

मागणी अगदी साधी होती. 1918 सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीला आमच्याकडे मानमोडी म्हणत. आजी सांगायची की त्या साली तिरडी उचलायला गावात माणसं उरली नव्हती. पाऊसही त्याच साली दगा देऊन गेलेला. खरंच किती गेले, कोणत्या आळीतले गेले, हे बघावंसं वाटलं. तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना नंबर 14, म्हणजे जन्ममृत्यूचं रजिस्टर, असतं. त्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. मोडीचा वर्ग केलेला, हातात सुट्टी. म्हटलं, कोर्ट फीचं तिकीट डकवून अर्ज देऊ आणि दोन तास पानं चाळू.

“कोणाची नोंद पाहिजे?” टेबलामागून प्रश्न आला.

“सगळ्यांची.”

“सगळ्यांची म्हणजे? दाखला कोणाचा काढायचाय?”

“दाखला नकोय. नुसतं बघायचंय.”

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांचंही बरोबर आहे म्हणा. 2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून या खोल्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही. कोणाला जातीचा दाखला हवा, कोणाला वारसाचा, कोणाला जमिनीचा. तिथे कागद नको म्हणणारा माणूस म्हणजे शंभर टक्के संशयित. पत्रकार का? नाही. पीएचडी? नाही. “माहिती अधिकारवाले?” हे विचारताना त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. त्यालाही मी नाही म्हटलं आणि मऊपणा तिथेच संपला. “साहेब व्हीसीत आहेत. बसा.” व्हीसी म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स.

बसलो. बाकावर आधीच एक काका होते. पांढरी टोपी, मांडीवर साडीच्या दुकानाची पिशवी आणि पिशवीत वीतभर जाडीची फाईल. त्यांनी मला टोपीपासून चपलेपर्यंत निरखलं. टोपी मला नव्हती, पण नजर तिथूनच सुरू झाली.

“पाव्हणं, मयत तुमचा कोण लागायचा?”

“कोणीच नाही.”

“कोणीच न्हाई?” काका सरकून जवळ आले. “म्हंजी बेवारस जमीन हुडकताय.”

मी म्हटलं, तसं नाही, इतिहास म्हणून बघतोय.

“इतिहास छत्रपतींचा अस्तो. तापानं मेल्याला कसला इतिहास?” असं म्हणून त्यांनी अख्ख्या बाकाकडे दाद मागितली आणि बाकाने ती दिली.

काकांचा शेजाऱ्याशी बांधाचा दावा होता, आज्यापासून चालत आलेला. बांध हातभर सरकला होता. कोणाच्या बाजूला, ते बहुधा दोन्ही घरांत वेगवेगळं सांगतात. पण काकांची तयारी अशी, की सातबारा, फेरफार, फाळणी बारा, आकारबंद, गुणाकार बुक ही जमिनीच्या कागदांची नावं ते पसायदान म्हणावं तशी डोळे मिटून म्हणत. मध्येच डोळे उघडून मला विचारत, “गुणाकार बुक म्हाईत हाय?” नव्हतं. “मग काय शिकला?” आता यायचं कारण म्हणजे एक चुलत आज्जा. तो बिनवारस मेला हे सिद्ध झालं की बांध जागेवर येणार होता. कधी मेला? मानमोडीत. काकांची वाडी आमच्याच गावच्या हद्दीत. म्हणजे मला हवं होतं तेच रजिस्टर!

काकांना प्रयोजन होतं. लाल फडक्यातला बस्ता धूळ उडवत टेबलावर आला. मीही उठून मागे उभा राहिलो. भाऊसाहेबांनी पान काढलं, काकांची ओळ शोधली आणि मग खणातून पुठ्ठ्याचे दोन तुकडे काढून एक ओळीच्या वर ठेवला, एक खाली. “फक्त आपापली नोंद बघायची. शेजारची बघायची नाही.”

शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांची ही अब्रू!

तरी वरचा पुठ्ठा जरा आखूड होता. मरणाच्या कारणाचा रकाना त्याच्या बाहेर राहिला. वर मोडीत ‘ताप’, आणि त्याखाली नुसत्या दोन-दोन बारीक रेघा, काकांच्या ओळीपर्यंत. लिहिणाऱ्याने दुसऱ्यांदा ‘ताप’ लिहिण्याचेही कष्ट घेतले नव्हते. सरकारी तक्त्यांत पटकी, देवी, प्लेग, हगवण यांना रकाने होते. इन्फ्लुएंझाला नव्हता. देशभरात कोटीहून जास्त माणसं गेली आणि त्यांतली बहुतेक ‘ताप’ या सदरात जिरली. मी मान तिरकी करून वाचतोय तोवर भाऊसाहेबांनी पुठ्ठा सरकवला.

‘तापानं मेल्याला कसला इतिहास’ म्हणणाऱ्या काकांवर रागावून उपयोग नाही, ही खोड आपली सगळ्यांची आहे. इतिहासकार राजवाड्यांनी 1898 साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, तोही पानिपतच्या पत्रांचा. पुढे पेशवे दप्तरातून सरदेसायांनी 45 खंड काढले. आमच्या ओळखीत निदान सहा घराण्यांचे पूर्वज पानिपतात पडलेत. एवढे सगळे खरंच तिथे असते तर पडायची वेळ अब्दालीवर आली असती. तापाने गेलेला पणजोबा मात्र कोणालाच नको असतो. अपवाद वारसाहक्काचा.

व्हीसी चार वाजता संपली. साहेबांनी अर्ज न वाचता सही केली. निदान ही सही तरी सांभाळून ठेवतात का, म्हणून मी भाऊसाहेबांना विचारलं, आमचा अर्ज कोणत्या गठ्ठ्यात जाणार? महसुली कागदांची प्रतवारी असते. ‘अ’ कायमचा, ‘ब’ तीस वर्षं, अशी उतरत उतरत ‘ड’पर्यंत. ‘ड’ वर्षभर ठेवून नष्ट करतात. भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं फक्त. मला कळलं. बाहेर भिंतीवर फलक होता, ‘अभिलेख हा राष्ट्राचा ठेवा आहे’. ठेवा आहे, ठेवून दिलाय, आणि ज्याला तंटा नाही त्याने त्याच्या वाटेला जायचं नाही. तंटा उकरून अर्ज केला तर पान लगेच मिळेल. चुलत्याशी भांडण काढावं का, हा विचार अजून पूर्ण गेलेला नाही.

काकांचं काम मात्र अडकलंय. चुलत आज्ज्याच्या ओळीत मयताचं वय वाचता येईना. जिन्यात त्यांनी माझा नंबर घेतला, “मोडीवालं कोणी तरी लागतंच.” आता रोज सकाळी साडेसहाला फोन येतो. कालचा असा: “पाव्हणं, रैवारी घरीच हाय न्हवं? गुणाकार बुकाची नक्कल घिऊन येतो. जेवूनच येतो म्हणा, पर च्या घीन.”