लाइन गेल्यावर लॅपटॉपवर किती खेळता येते?

‘वारंवार वीज जाणाऱ्या गावांत गेमिंगसाठी लॅपटॉपच बरा, कारण लाइन गेली तरी खेळ थांबत नाही’ हे लेखातील विधान मला अर्धेच पटले. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात मी दोन वर्षांपूर्वी नेमक्या याच हिशेबाने डेस्कटॉप विकून लॅपटॉप घेतला. लाइन गेल्यावर तो बंद पडत नाही, हे खरे. परंतु विमानप्रवासाच्या नियमांमुळे लॅपटॉपची बॅटरी सहसा १०० वॉट-तासांच्या आतच ठेवलेली असते, आणि खेळताना दीडशे वॉटच्या आसपास वीज खेचणाऱ्या यंत्राला ती तासभरही पुरणारी नसल्यामुळे ते ग्राफिक्स कार्डाची वीज आपणहून कमी करते व चित्र अडखळू लागते. डाव सेव्ह करून उठण्यापुरती सवड तेवढी मिळते, जी माझा जुना यूपीएसही देत होता.

दुसरे म्हणजे, लेखात धुळीचा आणि उन्हाळ्याचा उल्लेखच नाही. वेचलेला कापूस आमच्या पुढच्या खोलीत छतापर्यंत भरलेला असतो. मार्चमध्ये लॅपटॉपचे खालचे झाकण उघडले, तेव्हा पंख्यामागच्या बारीक पात्यांवर तंतूंचा नमद्यासारखा थर निघाला. डेस्कटॉपची बाजू उघडून ब्रश फिरवला की काम भागत असे. येथे मात्र दहा बारीक स्क्रू काढावे लागतात (एक अजून सापडलेला नाही). मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना तर दुपारी खेळणे मी सोडूनच दिले आहे.