डिस्क मेली, मग बोलतंय कोण?

इंदूरच्या आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "उबंटूत कर्नल अपडेटनंतर 'कर्नल पॅनिक' आलं तर हार्ड डिस्क गेली समजा. सरळ फॉरमॅट मारा. आणि यापुढे अपडेट बंदच ठेवा." (उबंटू ही लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम, कर्नल तिचा गाभा आणि 'कर्नल पॅनिक' म्हणजे तो गाभाच बंद पडणं.) पाठवणाऱ्याची कळकळ खरी असेल, पण सल्ला घातक आहे.

आधी डिस्कचं बघू. गेल्या रविवारी रामबागेतल्या एका काकांनी बोलावून घेतलं. लॅपटॉपमध्ये घराण्याचा कुलवृत्तांत, कित्येक वर्षांचं टायपिंग, आणि दुकानदार "फॉरमॅटच करावं लागेल" म्हणून मोकळा झालेला. स्क्रीनवर 'अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)'. म्हणजे कर्नलला रूट फाइल सिस्टिम, जिच्यात सगळी सिस्टिम असते तीच, सापडेना. पण हे सांगणारा कर्नल वाचला गेला कुठून? त्याच डिस्कवरून! मेलेली डिस्क असं बोलत नाही.

खरी खूण वेगळीच होती. काकांची डिस्क एन्क्रिप्टेड, म्हणजे पासवर्डने कुलूपबंद, तरी मशीनने पासवर्ड विचारलाच नाही. तो विचारते इनिट्रॅमएफएस, म्हणजे कर्नलच्या जोडीने मेमरीत चढणारी छोटी फाइल सिस्टिम. नव्या कर्नलची तीच तयार झाली नव्हती.

आता फॉरमॅट. उबंटू नवा कर्नल टाकताना चालू असलेला जुना काढून टाकत नाही. मशीन सुरू होताना एस्केप दाबायचं, जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवायचं. (एस्केप एकदाच हं. टकाटक दाबलंत तर ग्रबचा, म्हणजे कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, काळा प्रॉम्प्ट समोर येतो आणि माणूस आणखी घाबरतो.) मग येणाऱ्या मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जुन्या नंबरचा कर्नल निवडायचा. निवडला, पासवर्ड विचारला गेला, डेस्कटॉप उघडला. "अरे, सगळं जागच्या जागी आहे की रे!" काका म्हणाले आणि मगच त्यांनी पोह्यांना हात लावला.

डिस्कवरची जागा दाखवणारी 'डीएफ -एच' ही कमांड चालवली तर बूटचं, म्हणजे कर्नल ठेवायचं, वेगळं पार्टिशन १०० टक्के भरलेलं. जुन्या कर्नलांची गर्दी, म्हणून नव्याची फाइल मावलीच नव्हती. 'ऑटोरिमूव्ह'ने नको ते काढलं, 'अपडेट-इनिट्रॅमएफएस'ने नव्या कर्नलची फाइल बनवली, 'अपडेट-ग्रब'ने मेनू ताजा केला. रीस्टार्टनंतर 'यूनेम -आर'ने नवा नंबर दाखवला.

पॅनिक नसून नुसता काळा पडदा असेल तर बहुधा एनव्हीडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी बांधला गेलेला नसतो. तिथेही जुना कर्नलच आधी.

अपडेट बंद ठेवण्याबद्दल एवढंच: २०१६ साली उघडकीस आलेली 'डर्टी काऊ' ही त्रुटी २००७ पासून कर्नलमध्ये होती. साध्या युजरला रूटचे, म्हणजे मशीनवरचे सगळे, अधिकार मिळवून देणारी. ती बुजली कर्नलच्या अपडेटनेच. तेव्हा अपडेट बंद ठेवणाऱ्यांकडे ती तशीच उघडी राहिली.

मात्र जुन्या कर्नलवरही 'आय/ओ एरर'च्या, म्हणजे वाचता-लिहिता येत नसल्याच्या, ओळी धडाधड येत असतील, तर डिस्कवर संशय घ्यायला हरकत नाही. तेव्हाही आधी लाइव्ह पेन ड्राइव्हवरून, म्हणजे पेन ड्राइव्हवरच चालणाऱ्या उबंटूने, मशीन सुरू करा आणि फायली दुसरीकडे उतरवून घ्या.