मेलेल्या माणसाने २५ वर्षांनी चर्च बंद केली म्हणे!

परवा आत्याचा फोन. वय ७८, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण व्हॉट्सअ‍ॅप काही सुटत नाही. "अरे, हा स्ताफा कोण? मदर तेरेसांच्या आईला त्यानेच अडकवून ठेवलं होतं म्हणे. नि असल्या माणसाच्या नावाने स्टेडियम?"

पोस्ट तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आली होती. त्यात लिहिलंय ते असं: केमाल स्ताफा हा अल्बेनियाचा हुकूमशहा एन्व्हर होजा याचा उजवा हात. दोघांनी मिळून १९६७ मध्ये चर्च आणि मशिदींना टाळी ठोकली, तेरेसांच्या आईला देशाबाहेर पडू दिलं नाही. स्ताफाच्या माणसांनी शेवटपर्यंत सत्तेची मलई खाल्ली. पुढे होजानेच त्याचा काटा काढला. आणि अखेर जनतेने चिडून त्याचं स्टेडियम पाडलं. खाली दोन हात जोडलेले आणि 'दहा जणांना पाठवा'.

स्ताफा मेला ५ मे १९४२ रोजी. राजधानी तिरानाच्या वेशीवर, इटालियन फॅसिस्टांच्या गोळीने, वयाच्या बाविसाव्या वर्षी. याला पुरावा हवा असेल तर एकच देतो, तेवढा पुरे: अल्बेनियात आजही हुतात्मा दिन ५ मेला पाळतात, कारण तो या पोराच्या मरणाचा दिवस आहे. अख्ख्या देशाच्या कॅलेंडरवर जी तारीख छापलेली असते, ती पोस्ट लिहिणाऱ्याला एकदा शोधून बघावीशी वाटली नाही. होजाची राजवट आली १९४४च्या अखेरीस. धर्मबंदी १९६७ची. म्हणजे हा माणूस मरून २५ वर्षं झाल्यावर उठला आणि कुलपं घेऊन निघाला!

तो जिवंत असताना काय करत होता, तेही सांगतो. एल्बासानमध्ये १९२०चा जन्म. शाळकरी वयातच डाव्या गटात. राजा झोगच्या राज्यात १९३९च्या सुरुवातीला कम्युनिस्टांवर खटला चालला, त्यात यालाही शिक्षा झाली. त्याच एप्रिलमध्ये इटलीने देश गिळला. हा मध्यंतरी फ्लॉरेन्सला कायदा शिकायला गेला, कविताही लिहायचा. नोव्हेंबर १९४१ मध्ये कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला तेव्हा संस्थापकांत होता, आणि त्याच महिन्यात निघालेल्या युवक संघटनेचा प्रमुख झाला. मग मोजून सहा महिने. पेझाची परिषद, जिथे प्रतिकाराची आघाडी उभी राहिली, तीसुद्धा याच्या मृत्यूनंतरची, सप्टेंबर १९४२ची. होजाच्या राजवटीत ज्या माणसाने एक दिवसही काढला नाही, तो त्या राजवटीचा उजवा हात कसा?

तेरेसांचं मात्र अर्धं खरं आहे, ते मान्य करतो, नाइलाजाने. त्यांची आई आणि बहीण तिरानात होत्या आणि सरकारने त्यांना बाहेर पडू दिलं नाही. आई १९७२ मध्ये तिथेच वारली, मुलीची भेट न होता. तेरेसांना स्वतःला त्या देशात पाऊल टाकता आलं ते १९८९ मध्ये. हे क्रूर होतं आणि ते होजाच्या खात्यावरच मांडायचं. स्ताफाच्या नाही.

आता ती मलई. इथे मला खरोखर राग येतो. स्ताफाची वाग्दत्त वधू द्रिता कोस्तुरी, तीही प्रतिकारातलीच. ज्या सरकारने स्ताफाच्या नावाने शाळा काढल्या, मैदान काढलं, त्याच सरकारने तिला तुरुंगात टाकलं, आणि पुढे वर्षानुवर्षं स्थानबद्धतेत ठेवलं. त्याचं नाव भिंतीवर आणि ती कोठडीत. मलई म्हणे! हे भजनी मंडळात वाचून बायकांनी मान डोलावली असेल, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

होजानेच घात केला, ही कुजबुज अल्बेनियात जुनी आहे. पक्षात गटबाजी होती, आणि होजाने पुढे एकेका सोबत्याचं काय केलं ते पाहता संशय यावा यात नवल नाही. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. शिवाय पोस्टवाल्याने आधी एक काय ते ठरवावं: स्ताफा १९६७ मध्ये होजाबरोबर चर्च बंद करत होता, की होजाने त्याला त्याआधीच संपवला होता? एकाच पोस्टमध्ये दोन्ही कसं चालेल?

आणि स्टेडियम. ते बांधायला घेतलं होतं इटालियनांनीच. १९४६ मध्ये उघडलं तेव्हा त्याला त्यांनीच मारलेल्या पोराचं नाव लागलं होतं. २०१६ मध्ये पाडलं ते जुनाट झालं म्हणून. त्याच जागी २०१९ मध्ये नवं उभं राहिलं आणि उघडताना त्याला एका विमान कंपनीचं नाव मिळालं. तिरानातली केमाल स्ताफाच्या नावाची शाळा आजही त्याच नावाने भरते.

हे सगळं आत्याला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "हे लिहून पाठव, मी ग्रुपवर टाकते." म्हणून हे लिहिलं.