१२० तास आणि एक व्हाळ

कॉलेज चर्चच्या संस्थेचं असो की एखाद्या हिंदू शिक्षण मंडळाचं, माहितीपत्रकात 'सेवा' हा शब्द असतोच. तो मनापासूनचा की नुसता छापलेला, हे सकाळच्या प्रार्थनेवरून कळत नाही. एनएसएसची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची, हजेरीवही उघडली की कळतं.

स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं शिबिर. वर्ष संपत आलं की तास कमी पडतात. मग किनाऱ्यावर बॅनर धरून तासभर कचरा वेचायचा आणि वहीत चार तास मांडायचे. मुलं बघत असतात, आणि नेमकं तेवढंच शिकतात.

जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे तेव्हाचे प्रमुख पेद्रो आरुपे यांनी १९७३ साली स्पेनमधल्या वालेन्सियात संघाच्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांपुढे शिक्षणाचं ध्येय मांडलं: दुसऱ्यांसाठी जगणारी माणसं घडवणं. बरोबर. पण त्या 'दुसऱ्यां'ना आधी विचारायचं कोणी?

शिबिरात मुलं बांधतात त्या वनराई बंधाऱ्याचंच, म्हणजे गोण्यांच्या तात्पुरत्या बांधाचंच घ्या. गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोणात व्हाळाची, म्हणजे ओढ्याची, धार बारीक झाली की नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर ही त्याची वेळ. त्याच्या महिनाभर आधी पंच आणि कुळागरवाल्यांकडे, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागांच्या मालकांकडे, बसायला हवं. अडवलेलं पाणी वरच्या अंगाला कुणाच्या झाडांच्या मुळाशी साचणार असेल, तर आठवड्यात रात्रीचं कोणीतरी गोणी उपसणारच. त्याला नावं ठेवू नयेत.

जागा अरुंद पात्राची, उंच काठांची. तळातला पाला आणि सुटी वाळू काढायची. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या दोन तृतीयांशच भरून तोंड शिवायचं. गच्च भरलेली गोणी शेजारच्या गोणीला चिकटून बसत नाही, फट राहते. थर विटांसारखे, सांध्यावर सांधा न येऊ देता; तळ रुंद, माथा निमुळता, उंची मीटरभर पुरे. पाण्याच्या बाजूने ताडपत्री, तिची खालची कड पहिल्या थराखाली दाबलेली. बांध जातो तो बहुधा टोकांना. काठात चर खणून गोण्या आत घुसवलेल्या नसतात, मग पाणी बाजूची माती खात वाट काढतं.

आणि मे महिन्यात गोण्या काढायला कोण येणार? तो दिवस शिबिराच्या पत्रिकेत नसतो! परीक्षा झालेल्या असतात, मुलं घरी. पहिल्या मोठ्या पावसात फाटक्या गोण्यांचं प्लास्टिक सत्तरीतून थेट म्हादई नदीत.

प्राचार्य फादर असोत, सिस्टर असोत की गळ्यात माळ घातलेले सर, उद्घाटनाला नारळ फोडून गाडीत बसण्यापेक्षा त्यांनी मे महिन्यात गोण्या काढायला यावं. श्रद्धेचं नेतृत्व मला तिथे दिसतं. संध्याकाळी वीस मिनिटं मुलांना गोल बसवावं. दिवसअखेर मन तपासायची, जेझुइटांचे संस्थापक इग्नेशियस यांची रीत इथे छान चालते: आज उपयोग कुणाला झाला, त्रास कुणाला झाला, उद्या काय बदलायचं. प्रार्थनेची सक्ती मात्र नको. सक्ती आली की मुलं खरं बोलायची थांबतात.

अखंड भजनाच्या सप्ताहात पुढची मंडळी येऊन बसल्याशिवाय भजन करणारे उठत नाहीत. एनएसएसचे सर बदलतात तेव्हा मात्र नव्यांच्या हाती फोटोंचा अल्बम पडतो. त्यांना हवी असते साधी वही: गोण्या किती लागल्या, पाणी कुठल्या टोकाला झिरपलं, कुठल्या कुळागरवाल्याला विचारायचं राहिलं.