‘आधी गूगल कर’ म्हणणाऱ्यांना उत्तर

‘नवख्यांचे तेच ते प्रश्न खपवून घेतले की लोक आळशी होतात. चार शब्द कडक सुनावले तरच माणूस स्वतः शोधायला शिकतो.’ ऑनलाइन तांत्रिक मदत करणाऱ्यांमध्ये हे मत कायम फिरत असतं. मला ते मुळातच चुकीचं वाटतं.

त्यातला पहिला दावा असा की उत्तर आधीच उपलब्ध असतं, शोधलं की सापडतं. पण शोधायला त्या गोष्टीचं नाव ठाऊक असावं लागतं आणि नवख्याकडे नेमकं तेच नसतं. इनडिझाइन या पानं मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नेहमीचा रोमन कंपोझर (मजकूर ओळींत बसवणारी सोय) चालू असेल, तर मराठी मजकुराची पहिली वेलांटी भलत्याच जागी बसते, जोडाक्षरं सुटी पडतात. उपाय एका ओळीचा आहे: मजकूर निवडायचा आणि पॅराग्राफ पॅनलच्या मेनूतून ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ लावायचा. पण कंपोझर नावाचं काही असतं हेच माहीत नसलेला डीटीपीवाला शोधात काय टाइप करणार? कृतिदेव या जुन्या फॉन्टमधल्या फाइलींचंही तेच. त्या फॉन्टमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात, त्यामुळे फॉन्ट नसलेल्या संगणकावर नुसती रोमन अक्षरं दिसतात. बिचारा ‘फाइल करप्ट झाली’ असं शोधत बसतो. त्यानं कष्ट घेतलेले असतात. त्याला ‘युनिकोड’ (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत) हा एक शब्द हवा असतो, आणि तो शब्द माहितगारानंच द्यायचा असतो.

शिवाय ‘गूगल कर’ हे उत्तर त्या प्रश्नाखाली कायमचं राहतं. पुढे कुणी खरंच गूगल केलं, तर त्याच्या हाती तेच पान लागतं.

दुसरा दावा: कडकपणामुळे दर्जा टिकतो. आधी विचारलेला प्रश्न बंद करून जुन्या उत्तराचा दुवा देणं हा दर्जा राखण्याचा मार्ग आहे, त्याला माझा विरोध नाही. त्यासोबत टोमणा कशाला? २००८ साली सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळानं शिस्तीवरच नाव कमावलं. त्याच कंपनीनं एप्रिल २०१८ मध्ये जाहीरपणे मान्य केलं की अनेकांना, विशेषतः नव्या प्रोग्रामरना आणि स्त्रियांना, ही जागा वैरभावाची वाटते.

प्रश्न कसे विचारावेत यावरचा प्रोग्रामर एरिक रेमंड यांचा २००१ मधला निबंध तर नवख्यांच्या तोंडावर फेकायचं हत्यारच झालाय. ‘मॅन्युअल वाच’ असं सांगण्याचं त्यात समर्थन आहे, हे खरं. पण उत्तर देणाऱ्यांसाठीही त्यात एक भाग आहे आणि त्याची सुरुवातच सौम्यपणे वागा या सल्ल्यानं होते: अडचणीत सापडलेला माणूस उद्धट किंवा मठ्ठ वाटू शकतो, प्रत्यक्षात तसा नसतानाही. पहिल्यांदा चुकणाऱ्याला खासगीत सांगावं, असंही तिथे म्हटलंय. हा निबंध दुसऱ्यांना वाचायला लावणाऱ्यांनी तो भागही वाचावा.

‘आम्हीही असेच शिकलो’ हा युक्तिवाद फार काळ टिकत नाही. बोलणी खाऊन जे टिकले तेच हे सांगायला इथे आहेत. निघून गेलेल्यांची बाजू मांडायला कुणीच नाही.

राहिला स्वयंसेवकांच्या थकव्याचा मुद्दा. तो मला पूर्ण मान्य आहे. पगार नाही, आभार क्वचित, आणि तोच प्रश्न पुन्हा पुन्हा. पण थकलेल्या माणसाला उत्तर न देण्याची मोकळीक आहे. तो प्रश्न तसाच सोडून द्यावा, दुसरं कुणीतरी उत्तर देईल.