तीस सेकंदांची मर्यादा कायद्यात नाही

संगीत शिकवताना गाण्याचा तीस सेकंदांपर्यंतचा तुकडा विनापरवानगी वापरता येतो, असे विधान एका लेखात आले आहे; ते दुरुस्त करावे, अशी त्या लेखाच्या लेखकांना मनापासून विनंती आहे. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यात सेकंदांची अशी कोणतीही मर्यादा नाही. कलम ५२ शिक्षकाला व विद्यार्थ्याला अध्यापनाच्या ओघात प्रत करण्याची मुभा देते, आणि दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या खटल्यात उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अध्यापनाचा अर्थ केवळ वर्गातील व्याख्यानापुरता मर्यादित ठेवला नाही. अर्थात तो वाद पुस्तकांचा होता, ध्वनिमुद्रणांचा नव्हे. यमन आणि यमनकल्याण या रागांतला शुद्ध मध्यम या स्वराचा फरक फळ्यावर लिहून कळत नाही, तो ऐकवावाच लागतो, आणि त्यासाठी कधी दहा सेकंद पुरतात, तर कधी अख्खी आलापी लागते. मात्र तोच तुकडा सर्वांना खुल्या असलेल्या चित्रफितीत घातला, तर या कलमाचा आधार तितक्या ठामपणे घेता येणार नाही, असे मला वाटते. जुन्या ध्वनिमुद्रणांबाबतही सावध राहावे, कारण मुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपला, तरी गीतकार व संगीतकार यांचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतात.